डाक आवृत्तीतला उपग्रह

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी हिंदी महासागराकाठच्या एका लहान देशाचा पहिला दळणवळण उपग्रह अवकाशात गेला. आठ वाजून दहा मिनिटांनी त्याच्याकडून पहिला संदेश अपेक्षित होता. तो आला नाही. आमच्या दैनिकाच्या डाक आवृत्तीत मात्र तो आला. बातमी मी लिहिली होती.

त्या देशाचं नाव इथे देत नाही. तिथल्या सरकारने चौकशीचा अहवाल अजून प्रसिद्ध केलेला नाही, आणि जिच्यामुळे मला काही गोष्टी कळल्या तिने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे. दैनिकाचं नावही देत नाही. चुकीत दैनिकाचा वाटा माझ्यापेक्षा कमी आहे.

मेहकरात मी एकतीस वर्षं वार्ताहर होतो. तालुक्याच्या वार्ताहराचं कार्यालय म्हणजे बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातलं अर्धं टेबल. सुरुवातीला मी बातमी लखोट्यात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती देत असे. मग फॅक्स आला, मग मोबाइल. बातम्या त्याच राहिल्या : अपघात, बाजार समिती, ग्रामसभा, बिबट्या, टँकर आणि निधन. बातमी लिहिण्याचे नियमही तेच राहिले. नाव दोनदा विचारायचं. वय नातेवाइकाकडून घ्यायचं, शेजाऱ्याकडून नाही. मृतांचा आकडा पोलिसांकडून घ्यायचा, गर्दीकडून नाही. हे नियम मला ज्यांनी शिकवले ते उपसंपादक बातमीत विशेषण दिसलं की फोन करून विचारायचे, ‘हे तुम्ही पाहिलं की तुम्हाला वाटलं?’

एक गोष्ट मात्र या नियमांच्या बाहेर होती. ती म्हणजे डाक आवृत्ती.

छापखाना शंभरावर किलोमीटर दूर. पहाटे पाचला मेहकरच्या बसस्थानकावर गठ्ठे पडायचे असतील तर आमच्या तालुक्याचं पान आदल्या संध्याकाळी साडेसातला सुटावं लागतं. पान सुटलं म्हणजे संपलं. त्यानंतर जगात काहीही घडलं तरी ते मेहकरच्या वाचकासाठी परवा घडतं. शहर आवृत्ती रात्री उशिरापर्यंत उघडी राहते. एकाच तारखेचे, एकाच नावाचे दोन अंक निघतात आणि त्यांत दोन वेगळी जगं असतात. शहरातल्या माणसाला हे माहीत नसतं, गावातल्या माणसालाही नसतं.

साडेसातनंतर होणारा कार्यक्रम डाक आवृत्तीत घ्यायचा असेल तर एकच मार्ग : तो झाला असं समजून आधीच लिहायचा. हे सगळे वार्ताहर करतात. सभा होणार हे नक्की, पाहुणे येणार हे नक्की, ते काय बोलणार हे त्यांच्या स्वीय सहायकाने दुपारीच पाठवलेलं. ‘होईल’च्या जागी ‘झाला’ घालायचं, एवढंच.

माझी फजिती एकदाच झाली होती. मोताळा तालुक्याचे वार्ताहर रजेवर होते, त्यामुळे रोहिणखेडकडच्या एका जत्रेचा फड माझ्याकडे आला. तिथली शेवटची कुस्ती दर वर्षी बरोबरीत सुटायची. दोन्ही गावांचं त्यावर एकमत होतं. मी पाचलाच ‘बरोबरीत’ लिहून पाठवलं. त्या वर्षी एका पैलवानाने दुसऱ्याला चौथ्या मिनिटाला चीत केलं. तिसऱ्या दिवशी जिंकलेला पैलवान हाराचं सुकलेलं फूल खिशाला लावून झेरॉक्सच्या दुकानात हजर. तो भांडला नाही. स्टुलावर बसला, ते स्टूल कुरकुरलं, आणि त्याने विचारलं, “भाऊ, कुस्ती लागायच्या आंधी तुमाले निकाल कोनी सांगतला?” दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. दुरुस्ती छापली, त्याचा फोटोही छापला. पुढे कित्येक वर्षं चहावाला मला ‘बरोबरीत का?’ असं विचारून कप पुढे करायचा.

शामराव वानखेडे यांना मी पहिल्यांदा भेटलो ते उपग्रह सुटण्याच्या दोन आठवडे आधी. हिवरा आश्रमापासून सहा किलोमीटर आत त्यांचं गाव. ते सरकारी टेलिफोन खात्यात लाइनमन होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची मुलगी प्रज्ञा अभियंता होती आणि त्या लहान देशाने आपल्या पहिल्या उपग्रहाच्या नियंत्रण केंद्रासाठी नेमलेल्या सहा जणांत ती होती. मेहकर तालुक्यातली मुलगी परदेशाचा उपग्रह सांभाळणार, ही बातमी होती. मी मोटारसायकलवर गेलो.

शामराव उंच आणि बारीक होते. चढण चढल्यासारखे बोलता बोलता थांबायचे. घराच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, शेजारी खात्याने निरोप समारंभात दिलेलं घड्याळ. त्यांच्या पत्नी कमलबाईंनी चहा ठेवला आणि आतूनच सांगितलं की यांना जास्त बोलायला लावू नका, डॉक्टरने मनाई केली आहे. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. संभाजीनगरच्या दवाखान्याने ऑपरेशन सांगितलं होतं.

मी उपग्रहाबद्दल विचारलं. त्यांनी खांबाबद्दल सांगायला सुरुवात केली. हिवऱ्यापासून त्यांच्या गावापर्यंत एकशे अठरा खांब होते, ते त्यांनी मोजून उभे केले होते. आता तार चोरीला गेली, खांब गोठ्याच्या छपराला लागले. “उपग्रह म्हंजे काय, मले पोरीनं समजावून सांगतलं,” ते म्हणाले. “लई उंच खांब. एकच. पन त्याले कोनी उपटून नेत नाई.”

याहून चांगलं स्पष्टीकरण मला नंतर कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. दळणवळण उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरतो, म्हणून खालून तो खिळ्यासारखा एका जागी दिसतो. एका गावाने वर पाठवलेला आवाज तो दुसऱ्या गावात खाली टाकतो. त्या देशाला शेकडो बेटं. आजवर त्यांचे टेलिफोन, शाळेचे वर्ग, दवाखान्याचे निरोप दुसऱ्यांच्या उपग्रहांवरून भाड्याने जायचे. आता स्वतःचा खांब उभा राहणार होता. प्रज्ञाने फोनवर सांगितलं होतं की तिथल्या टपालखात्याने त्याचं तिकीटही काढलं आहे. तिने एक पाकीट वडिलांना पाठवलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं, हातात दिलं नाही.

मग त्यांनी आपली डायरी काढली. काळ्या रेक्झिनची, खात्याची. लाइनमनने बिघाड दुरुस्त केला की नोंद करायची असते. शामरावांच्या डायरीत तीन रकाने होते : लाइन, वेळ आणि समोरचा आवाज. तिसरा रकाना खात्याचा नव्हता, त्यांनी स्वतः पट्टीने आखला होता. खांबावर चढून तार जोडली की ते कमरेच्या फोनवरून समोरच्या टोकाला हाक मारायचे. तिकडून माणूस बोलला की त्याचं नाव तिसऱ्या रकान्यात लिहायचे, आणि मगच दुसऱ्या रकान्यात ‘चालू’ आणि वेळ.

“तार जोडली म्हंजे लाइन चालू झाली, असं नसते,” ते म्हणाले. “समोरून आवाज आल्याबिगर मी कधी चालू लिवलं नाई. साहेब बोंबलायचे, लिवून टाक ना बे, वर रिपोट द्या लागते. म्या म्हनो, आवाज कोनाचा लिवू?”

हे वाक्य मी बातमीत चौकट करून वापरलं. चौकटीला मथळा दिला : ‘समोरचा आवाज’.

त्याच भेटीत प्रज्ञाचा फोन आला. शामरावांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना मला ऐकवायचं होतं. तिने मला नमस्कार केला आणि लगेच वडिलांकडे वळली. बोलणं ऑपरेशनचं होतं. तारीख उपग्रहानंतरच्या सोमवारची मिळाली होती. शामरावांचं म्हणणं, मुलगी आल्याशिवाय भरती होणार नाही. बापलेकीत आधी बरंच झालेलं असावं, कारण तिने नवीन काही समजावलं नाही, फक्त ठरलेलं पुन्हा म्हणून घेतलं.

“बाबा, ऐका. उपग्रहाशी संपर्क लागला की मी पंधरा दिवसांत मोकळी. मग खुशाल तारीख पुढे ढकला, मी येते, मी बसते तुमच्यापाशी. पण नाही लागला, तर मला दोन-दोन महिने हलता येणार नाही. मग माझी वाट पाहायची नाही. सोमवारी काकांबरोबर जायचं आणि भरती व्हायचं. ठरलं ना?”

“ठरलं.”

“काय ठरलं, सांगा.”

“लागला तं थांबतो. नाई लागला तं जातो,” शामराव म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “बापाले शाळेत बसवून राह्यली पोट्टी.”

हे मी बातमीत घेतलं नाही. घरगुती होतं. पण ऐकलं होतं.

उपग्रह सुटायच्या मंगळवारी मी दुपारी चारला टेबलावर बसलो. उड्डाण दुसऱ्याच देशातून होतं, परदेशी कंपनीच्या अग्निबाणाने, आणि त्याचं थेट प्रक्षेपण मोबाइलवर दिसणार होतं. वेळापत्रक प्रज्ञाने पाठवलेलं होतं. सहा पन्नासला उड्डाण. साडेसातच्या सुमारास उपग्रह अग्निबाणापासून सुटणार. मग तो पंख उघडणार, सूर्याकडे तोंड करणार आणि आठ दहाला पहिला संदेश पाठवणार. पान साडेसातला सुटणार होतं. म्हणजे डाक आवृत्तीत उड्डाण येत होतं, संदेश येत नव्हता.

मी बातमी सव्वासहाला लिहून पूर्ण केली. त्यात एक वाक्य असं होतं : ‘उपग्रह कक्षेत पोहोचला असून नियंत्रण केंद्राशी त्याचा संपर्क प्रस्थापित झाला आहे.’ उड्डाण फसलं तर वापरायची दुसरी बातमी मी वेगळी ठेवली होती. तेवढी सावधगिरी मला माहीत होती. उड्डाण झालं आणि उपग्रह बोललाच नाही, ही तिसरी बातमी मी लिहिली नव्हती. तोपर्यंत कुठलाही उपग्रह माझ्या बातमीत बोलायचा थांबला नव्हता.

सहा पन्नासला अग्निबाण उडाला. झेरॉक्सच्या दुकानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सहा पंचावन्नला डेस्कला फोन करून ‘पहिली घ्या’ सांगितलं. आठ दहाला प्रक्षेपणातल्या निवेदिकेने आपण थोडी वाट पाहत आहोत असं सांगितलं. साडेआठला प्रक्षेपण बंद झालं. मी जेवायला घरी गेलो.

बुधवारी दुपारी परदेशी वृत्तसंस्थेची चार ओळींची बातमी आली. संपर्काची प्रतीक्षा आहे, अधिकारी आशावादी आहेत. मी प्रज्ञाला संदेश पाठवला. तासाभराने उत्तर आलं : ‘आत्ता काही सांगू शकत नाही. बाबांना तुम्ही काही बोलू नका. मी बोलते.’

मी वृत्तसंस्थेच्या आधारे दुरुस्ती लिहून पाठवली. सात ओळी. डेस्कवरच्या सहकाऱ्याने मिळाली म्हणून कळवलं. गुरुवारी सकाळी मी मोबाइलवर अंक उघडला, सातव्या पानावर दुरुस्ती होती, आणि माझं काम झालं.

मोबाइलवर उघडणारा अंक शहर आवृत्तीचा असतो. हे मला एकतीस वर्षांच्या कोणत्याही दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. डाक आवृत्तीच्या सातव्या पानावर आदल्या संध्याकाळी एका सराफाची पूर्ण पान जाहिरात आली होती आणि पानावरचा सगळा मजकूर निघाला होता. माझ्या दारात पडलेला अंक डाक आवृत्तीचा होता. तो मी उघडला नाही.

शनिवारी अकराच्या सुमारास शामराव मला मेहकरच्या बसस्थानकावर दिसले. गोळ्या घ्यायला आले होते. हातात औषधाची पिशवी, दुसऱ्या हातात मिठाईचा पुडा. मला पाहून त्यांनी लांबूनच जयभीम केला आणि पुडा उघडला. बालूशाही होती. मी एक घेतली.

त्यांनी सांगितलं की बुधवारी सकाळी गावात अंक आला तेव्हा त्यांनी बातमी दोनदा वाचली, मग कमलबाईंना वाचून दाखवली, मग कात्रण काढलं. गावात वीस अंक येतात, त्या दिवशी पाच जास्त मागवावे लागले. मग त्यांनी दवाखान्याला फोन लावला.

“सोमवारचं पुढं ढकललं,” ते म्हणाले. “पोरीचं ते लागलं ना आता. येऊन राह्यली पंधरा दिसात.”

मी विचारलं, प्रज्ञाशी बोलणं झालं का. झालं होतं, दोनदा. ती घाईत होती. बाबा सोमवारी जाऊनच घ्या असं म्हणत होती, मला थोडा उशीर होईल म्हणत होती. त्यांनी तिला सांगितलं की पेपरात सगळं आलं आहे, आता उशीर कशाचा. त्यावर तिने, सोमवारी जाऊनच घ्या, एवढंच पुन्हा म्हटलं.

“तिले वाटते बाप घाबरला,” ते हसत म्हणाले. मग हसायचे थांबले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांची गाडी लागली होती, कंडक्टर हिवऱ्याचा पुकारा करत होता. “मेहेत्रे भाऊ, बराबर आहे ना सगळं? आवाज येऊन राह्यला ना तिकडून?”

त्या क्षणी मला माहीत असलेल्या गोष्टी अशा : उपग्रहाशी संपर्क अजून लागलेला नव्हता. सोमवारची तारीख या संपर्कावर अवलंबून होती, हे मी स्वतः ऐकलं होतं. दुरुस्ती छापली होती, असा माझा समज होता. तरीही समोरच्या माणसाने ती वाचलेली दिसत नव्हती. मुलीने बोलू नका म्हटलं होतं. मला वाटलं, दोन दिवसांत संपर्क लागेल. मला वाटलं, हे घरचं आहे.

“बराबर,” मी म्हणालो.

ते गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी पुडा पुन्हा पुढे केला, मी नको म्हटलं.

त्या देशातल्या नियंत्रण केंद्रात त्या दिवसांत काय चाललं होतं, ते मला पुढे कळलं. उपग्रह बोलत नाही म्हणजे तो मेला असं कुणी लगेच मानत नाही. तो ऐकत असेल आणि त्याला बोलता येत नसेल, अशी शक्यता असते. म्हणून ठरावीक वेळेला त्याच्या दिशेने आज्ञा पाठवत राहतात : यंत्र बदल, बोल. मग कान लावून बसतात. उत्तर नसतं, तेव्हा पुन्हा पाठवतात. सहा माणसं पाळ्या लावून हे नऊ दिवस करत होती. केंद्राबाहेर कुणाशी बोलायला मनाई होती. घरच्यांशीही, कारण आधीच एका कर्मचाऱ्याच्या भावाने काहीतरी लिहून टाकलं होतं. प्रज्ञाने वडिलांना सोमवारी जा एवढंच सांगितलं. तिला वाटलं होतं, संपर्क लागलेला नसताना तो लागला असं त्यांना कुणी सांगणार नाही. आणि फोनवर ते पेपर पेपर म्हणत होते तेव्हा पेपरात नेमकं काय आहे हे तिने पाहिलेलं नव्हतं.

सोमवार गेला. बुधवारी मी घरच्या रद्दीतून डाक आवृत्तीचे जुने अंक दुसऱ्याच कामासाठी काढले आणि गुरुवारच्या सातव्या पानावर सराफाची जाहिरात पाहिली. मी डेस्कला फोन केला. सहकाऱ्याने तपासून सांगितलं की हो, डाकला निघून गेली ती. पुन्हा घ्यायची का, असं त्याने विचारलं. एवढी जुनी दुरुस्ती कोण वाचणार, असंही म्हणाला. मी म्हटलं, उद्या घ्या. मग शामरावांच्या गावी जायचं ठरवलं. त्या दिवशी बाजार समितीची निवडणूक होती. गेलो नाही.

गुरुवारी त्या देशाच्या सरकारने उपग्रह गमावल्याचं जाहीर केलं. सहा जणांना मोकळं केलं. प्रज्ञाने संध्याकाळी घरी फोन करून रविवारी पोहोचते असं सांगितलं. उपग्रहाचं काही सांगितलं नाही, ते समोर बसून सांगायचं होतं. आदल्या संध्याकाळी, बुधवारी, जिल्ह्यात राजकीय घडामोडी झाल्या होत्या आणि आमचं पान पुन्हा भरलं होतं. दुरुस्ती शुक्रवारच्या अंकासाठी ठेवली गेली होती.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला शामराव वानखेडे यांना छातीत दुखू लागलं. गावातल्या जीपने त्यांना मेहकरला आणताना हिवरा आश्रमाच्या अलीकडे त्यांचं निधन झालं. वय सदुसष्ट. पत्नी, एक मुलगी, एक भाऊ असा परिवार आहे. ही बातमीही मीच दिली. वय भावाकडून घेतलं.

त्याच शुक्रवारच्या डाक आवृत्तीत पाचव्या पानावर दुरुस्ती होती.

प्रज्ञा रविवारी आली. मी जलदानविधीच्या दिवशी गेलो. मंडप लहान होता. वंदना संपल्यावर लोक पांगले, तसा मी निघायला उठलो. पण कमलबाईंनी बसा म्हटलं. प्रज्ञा आतून आली. तिच्या हातात कात्रण होतं. शामरावांनी ते टपालाच्या तिकिटाच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. ती माझ्यासमोर खाली बसली आणि तिने ते सतरंजीवर सरळ केलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाळीवर असताना विचारतात तसं तिने विचारलं.

“हे वाक्य तुम्ही किती वाजता लिहिलं?”

“सव्वासहाला.”

“सव्वासहाला तो जमिनीवर होता,” ती म्हणाली.

मी डाक आवृत्तीचं सांगितलं. पान कधी सुटतं, गठ्ठे कधी पडतात. सातव्या पानाची जाहिरात सांगितली. बसस्थानकावरचंही सांगितलं. तिने ते पूर्ण ऐकलं. नंतर तिने तिची बाजू सांगितली, नऊ दिवसांची, जी मी वर दिली आहे. हे छापलं तर चालेल का असं मी विचारलं. देशाचं नाव नको, एवढंच म्हणाली. मी दुरुस्ती पुन्हा, मोठी, पहिल्या पानावर छापून आणीन म्हटलं, तेव्हा कमलबाई दारातून बोलल्या.

“आता छापून कोन वाचते, भाऊ? वाचनारा गेला.”

बाहेर मंडपवाला खांब काढत होता.

प्रज्ञा उठली आणि काळ्या रेक्झिनची डायरी घेऊन आली. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या लाइनीनंतर त्यांनी एक रेघ मारून तारीख घातली होती. रेघेखाली एकच नोंद होती. अक्षर तेच, पट्टीने आखलेले रकाने तेच. मी ती वाचली आणि परवानगी घेऊन वहीत उतरवून घेतली.

लाइन : उपग्रह, प्रज्ञाचा. वेळ : चालू, बुधवार सकाळी ७.१०. समोरचा आवाज : मेहेत्रे, पेपरवाले.